कुऱ्हाड घेताना आधी दांडा पाहा

देवळाली प्रवरा आणि राहुरी फॅक्टरीच्या टापूत दिवाळी झाली की ऊसतोडणीच्या कोयत्याचे दिवस सुरू होतात. कुऱ्हाड आठवते ती वळवाच्या पावसानंतर. बांधावरच्या बाभळीची फांदी मोडून पाटात आडवी पडते, शेवगा कमरेत मोडतो, कडुनिंबाचा फाटा गोठ्याच्या पत्र्यावर येतो. घरातली कुऱ्हाड शोधून काढावी तर तिचं पातं दांड्यावर खुळखुळत असतं. मग कुणीतरी नवी आणायला निघतं.

नवी घेताना बहुतेक जण पातं बघतात. रुंद किती, जड किती, चकाकतं कसं. दांडा जो असेल तो चालतो. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. सगळ्या कामाला चालेल अशी एकच मध्यम कुऱ्हाड घ्यायची असेल, तर नजर आधी दांड्यावर जायला हवी.

सगळ्यात घट्ट रुतलेला समज म्हणजे जड कुऱ्हाड जास्त कापते. घावाचा जोर वजनावर असतो हे खरं, पण वेगावर तो त्याहून जास्त असतो. वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट झाला तर चौपट. दोन किलोचं पातं पहिले दहा घाव झोकात घालतं, मग खांदा भरून येतो, वेग जातो आणि नेमही जातो. एकाच खाचेत घाव पडला नाही तर लाकूड नुसतं चेचलं जातं. घरचं सरपण, बांधावरच्या फांद्या, मांडवाच्या मेढी, कुंपणाचे खुंट एवढ्या कामाला ९०० ग्रॅम ते सव्वा किलोचं पातं पुरतं. मोठे ओंडके फोडायचं काम रोजचं असेल तर त्याला वेगळी, जाड पाचरीसारखी कुऱ्हाड लागते. पातळ धार ओल्या फांदीत खोल जाते पण ओंडक्यात अडकून बसते, आणि जाड पातं ओंडका फोडतं पण फांदीवरून उसळतं. मध्यम कुऱ्हाड या दोहोंच्या मधली असते. दोन्ही कामं ती करते, दोन्हींत अव्वल नसते, आणि हे आधीच मान्य करून घेतलं की निवड सोपी होते.

लांबीबद्दलचा समज तर धोक्याचा आहे. ‘लहान कुऱ्हाड घे, लागायची भीती नाही’ असं नवख्याला सांगितलं जातं. उभ्याने मारलेला घाव चुकला तर आखूड दांड्याची कुऱ्हाड झुलत थेट नडगीवर किंवा गुडघ्यावर येते. लांब दांड्याची बहुतेकदा पायाच्या पुढे जमिनीत रुतते. हातभर दांड्याची कुऱ्हाड वापरायचीच तर गुडघे टेकून, लाकूड ओंडक्यावर ठेवून वापरावी. मध्यम कुऱ्हाडीला दीड हात दांडा बरा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. म्हणजे दांडा ६५ ते ७० सेंटिमीटरचा झाला. हे माप ज्याच्या त्याच्या हाताचं असल्यामुळे कुऱ्हाडही ज्याच्या त्याच्या अंगाला बसते.

आता दांड्याचं लाकूड. बाभूळ, बोर, आणि मिळाला तर धावडा. धावडा आपल्याकडच्या डोंगरांत होतो आणि चिवटपणासाठी पूर्वीपासून दांड्यांना आणि गाडीच्या कण्यांना वापरला जातो. कोणतंही लाकूड असलं तरी दांडा डोळ्यासमोर धरून बंदुकीच्या नळीसारखा बघावा. लाकडाची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलेली हवी. मध्येच ती तिरकी होऊन कडेला बाहेर पडत असेल, तर दांडा तिथेच चिरणार. गाठ चालत नाही, निदान वरच्या वीतभरात तरी नाहीच. रंग किंवा चकचकीत व्हार्निश दिलेला दांडा मी घेत नाही, कारण त्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि घामेजल्या हाताला फोडही लवकर येतात.

हललेल्या कुऱ्हाडीवर घरोघरी एकच इलाज असतो, रात्रभर पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवणे. सकाळी पातं घट्ट बसलेलं असतं, म्हणून हा उपाय खराच वाटतो. मीही वर्षानुवर्षे तेच केलं. एका मे महिन्यात असंच भिजवून घेतलेलं पातं दुपारी चौथ्या-पाचव्या घावाला निसटलं आणि माझ्या मागे दहा पावलांवर जाऊन पडलं. थोड्या वेळापूर्वी तिथे धाकटा पुतण्या फांद्या ओढत होता. आतलं कारण मला पुढे कळलं. लाकूड पाणी पिऊन फुगतं, पण नेढ्याचं, म्हणजे दांडा बसतो त्या भोकाचं, लोखंड जागचं हलत नाही. मग लाकडाचे तंतू आतल्या आत दाबले जाऊन चेपतात. लाकूड वाळलं की दांडा आधी होता त्याहून बारीक होतो, आणि पुढच्या वेळी पातं जास्तच हलतं. नगरच्या कोरड्या उन्हाळ्यात हे एका दिवसात घडतं. खरा उपाय म्हणजे दांड्याच्या डोक्यात सुक्या, टणक लाकडाची नवी पाचर मारणे. मग उघड्या टोकाला जवसाचं तेल दोन-तीनदा पाजावं. जवसाचं तेल हवेवर वाळून घट्ट होतं, गोडेतेल तसं वाळत नाही, नुसतं चिकट राहतं.

पातं आणि दांडा यांची ही सांधेजोड प्रवरेकाठी फार जुनी आहे. संगमनेरजवळ प्रवरेकाठच्या जोर्वे इथे १९५०-५१ च्या उत्खननात तांब्याच्या सपाट कुऱ्हाडी मिळाल्या. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या कुऱ्हाडींना नेढं नाही. नुसती सपाट पाती आहेत, दांड्याला जखडून वापरायची. नेढं असलेली कुऱ्हाड हाती असताना आपण तिचा दांडा पाण्यात भिजवून बिघडवावा, हे मला फार लागतं.

‘रस्त्याकडेच्या घिसाड्याची कुऱ्हाड कच्ची, दुकानातली पक्की’ हा समजही तपासून बघावा असा आहे. घिसाडी बहुधा ट्रकचे जुने कमानपाटे वापरतात. ते स्प्रिंगचं पोलाद असतं, त्यात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो, आणि कुऱ्हाडीला ते उत्तम. साध्या सळईच्या लोखंडात कार्बन इतका कमी की त्याला पाणी देऊन, म्हणजे तापवून विझवून, फारसा उपयोग होत नाही. रस्त्याकडेला पाल टाकलेलं असतं, बाई घण घालते, माणूस सांडशीत पातं फिरवत राहतो. शेवटी तो फक्त धारेकडची बोटभर कड लाल करून विझवतो, तुंबा, म्हणजे पात्याची मागची जाड बाजू, मऊच ठेवतो. पाणी कसं दिलंय हे कानशीने कळतं. धारेवर नवी कानस हलकेच ओढा. ती लोण्यातून गेल्यासारखी खात गेली तर धार मऊ आहे. काचेवरून सरकावी तशी घसरली तर फार कडक, तुकडा उडेल. अडखळत, थोडं थोडं खात गेली तर घ्या.

चांगलं पाणी दिलेली कुऱ्हाड पहिल्याच महिन्यात फुकट घालवायचा हमखास मार्ग म्हणजे ग्राइंडर. ठिणग्या उडतात, धार निळी पडते. निळा रंग म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं आणि कडकपणा उतरला. कानस आणि दगड वापरा. बोथट कुऱ्हाड सुरक्षित नसते. ती लाकडात शिरण्याऐवजी घसरते.

तुंबा म्हणजे घण नव्हे. लाकडी खुंटी ठोकायला तो चालतो. लोखंडी पाचर किंवा पहार त्याने ठोकली तर नेढं फाकतं, आणि उडालेला कपचा डोळ्यात जाऊ शकतो.

‘झाड माझ्या बांधावर, मग विचारायचं कुणाला?’ असंही म्हटलं जातं. देवळाली प्रवरा ही नगरपरिषद आहे, त्यामुळे हद्दीतलं झाड पाडण्याआधी १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगी लागते. हद्दीबाहेर १९६४ चा झाडतोड नियमन कायदा आहे. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन ही झाडं त्याच्या यादीत येतात. आणि भंडारदरा, रतनगड, हरिश्चंद्रगडाकडे मुक्कामाला जाणाऱ्या पोरांनी कुऱ्हाड घरीच ठेवावी. तो बराचसा भाग अभयारण्याचा आहे, तिथे सरपण तोडणं गुन्हा आहे. चहापुरता छोटा स्टोव्ह पाठपिशवीत सहज मावतो.