लायकेनवरचे काळे ठिपके

बंगळुरात लायकेनकडे पाहिलं गेलं ते मुख्यतः हवा जोखण्यासाठी. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी माधव गाडगीळ यांच्यासह २००३ साली ‘करंट सायन्स’मध्ये शहरातल्या, विशेषतः लालबागेतल्या, लायकेनचा प्रसार आणि त्यांत साठलेले जड धातू यांची मांडणी केली. (गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही लायकेनच: बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार.) या वाटेवरचा मोठा टप्पा १९७०चा. त्या वर्षी डेव्हिड हॉक्सवर्थ आणि फ्रान्सिस रोज यांनी सालींवरच्या लायकेनवरून सल्फर डायऑक्साइडचं प्रमाण ताडणारी श्रेणी ‘नेचर’मध्ये दिली. याच हॉक्सवर्थनी १९७९ आणि १९८१ मध्ये लायकेनवर जगणाऱ्या बुरश्यांवर विस्तृत लेखन केलं. हा दुसरा धागा आपल्याकडे तितका उचलला गेला नाही आणि त्यावाचून पहिला लंगडा राहतो, असं माझं मत आहे. लायकेनवर फिकट, मेलेले चट्टे दिसले तर ठपका धुरावर ठेवायचा की लायकेनोकोनियम इरोडेन्ससारख्या बुरशीवर? ही बुरशीही तसेच चट्टे पाडते.

ओळख पटवणं मात्र सोपं नाही. भिंगाखाली टाचणीच्या टोकाहून बारीक काळे ठिपके दिसतात, पण तसे ठिपके यजमान लायकेनचे स्वतःचेही असतात. ब्लेडने पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला की उलगडा होतो: यजमानाचे बीजाणू बहुधा रंगहीन, लायकेनोकोनियमचे तपकिरी, गोलसर, जेमतेम ३ मायक्रॉनचे. तेच तपकिरी बीजाणू साखळीत निघाले तर वोऊक्सिएला या प्रजातीचा विचार करावा लागतो. १९१२-१४ मध्ये अशा परजीवींचं संकलन करणाऱ्या फ्रेंच धर्मगुरू वोऊ यांचं नाव तिला दिलं आहे. यजमान ओळखला की काम झालं, असं कुणी म्हणेल. अनेक परजीवी चोखंदळ असतात हे खरं. पण इरोडेन्स कितीतरी यजमानांवर वाढते, आणि २०१८च्या जागतिक यादीत केवळ लायकेनवरच जगणाऱ्या सुमारे २,००० बुरश्या आहेत. मग डीएनए का नको? जरूर हवा. परंतु लायकेनच्या तुकड्यात यजमानाची बुरशी असते, आत दडलेल्या इतरही असतात. हाती लागलेला क्रम नेमका त्या ठिपक्याचाच, हे कापाशिवाय कशावरून ठरवायचं? उरला आक्षेप नव्याने नमुने गोळा करण्याच्या खर्चाचा. तोही टिकत नाही, कारण परजीवी यजमानासोबतच वाळतो. वनस्पतिसंग्रहांत जपलेल्या जुन्या लायकेनवरचे ठिपके आजही कापून तपासता येतात.