केस गळाले ते पाण्याने की गव्हाने?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांमधून एक विचित्र तक्रार यायला लागली. आधी डोकं खाजायचं, मग केस हातात यायचे, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. म्हातारे, तरुण, शाळेतली पोरं-पोरी, कुणीच सुटलं नाही. जानेवारी संपेपर्यंत १८ गावांतल्या २७९ लोकांची नोंद झाली. टीव्हीवाल्यांनी 'टक्कल व्हायरस' असं नाव देऊन टाकलं. लग्नं लांबणीवर पडल्याच्या, लोक दुसऱ्या गावाला जायला लाजतात अशा बातम्या आल्या.

पहिला संशय कुणावर गेला? शाम्पू आणि बुरशी यांची नावं आली, पण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात नाव आलं ते पाण्याचं.

ते साहजिकही होतं. बुलढाणा जिल्ह्यात आपण 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असं म्हणतो. घाटाखालचा, पूर्णा नदीच्या खोऱ्यातला बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो: शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा. हा पट्टा पुढे अकोला आणि अमरावतीत जातो. एकूण क्षेत्र साधारण ४,७०० चौरस किलोमीटर आणि गावं जवळपास ९००. इथे बोअर मारली की पाणी लागतं, पण तोंडात घेतलं की थुंकावं वाटतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो. असं पाणी ज्या गावात आहे तिथे काहीही विपरीत घडलं तरी बोट आधी पाण्याकडेच जाणार.

पाणी तपासलं तर ते खराब निघालंही. नायट्रेट लिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर आणि टीडीएस, म्हणजे विरघळलेले एकूण क्षार, २,००० च्या पुढे असे आकडे बातम्यांत आले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ च्या वर चालत नाही. टीडीएस ५०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यायचा. म्हणजे पाणी नापास. मग गुन्हेगार सापडला ना?

नाही. माझ्या विषयात पहिल्या वर्षाला जी गोष्ट सगळ्यात जास्त घोकून घेतात ती हीच: पाणी खराब आहे, आणि लोक आजारी आहेत, ही दोन वाक्यं खरी असली तरी मधला 'म्हणून' आपोआप येत नाही. तो कमवावा लागतो.

तो कमवायचा कसा, तर आधी साधे प्रश्न विचारायचे. खारं पाणी इथे पिढ्यान् पिढ्या आहे, मग केस याच डिसेंबरात का गळाले? खारपाणपट्ट्यात जवळपास ९०० गावं आहेत, मग केस १८ गावांतच का गळाले? आणि नायट्रेटने केस गळतात का? नायट्रेटचा खरा धोका असतो सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना. वरच्या दुधाची पावडर अशा पाण्यात कालवली, तर नायट्रेटपासून तयार होणारं नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेऊ देत नाही आणि बाळ निळं पडायला लागतं. धडधाकट माणसाचे केस तीन दिवसांत उतरवणं हे नायट्रेटचं काम नाही. क्षारांचंही नाही. जड पाण्याने केस राठ होतात, मुळापासून सुटत नाहीत.

आयसीएमआरची पथकं आली, रक्त, लघवी, केस, पाणी, माती, धान्य यांचे नमुने गेले. दरम्यान डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या गावांचा अभ्यास केला. विंचूदंशावरच्या उपचारासाठी जगभर ओळखले जाणारे, महाडचे, पद्मश्री मिळालेले हेच ते डॉक्टर. त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जे सांगितलं ते असं: रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं आहे, झिंक कमी झालेलं आहे, आणि हे सेलेनियम रेशनच्या गव्हातून आलेलं असावं. त्यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम निघालं. गहू धुऊन तपासला तर १३.६१.

हा दुसरा आकडा फारशा कुणी नीट पाहिला नाही, पण मला तोच जास्त बोलका वाटतो. धुऊन फरक पडत नाही, याचा अर्थ सेलेनियम दाण्यावर उडालेल्या धुळीत नाही, फवारणीतही नाही. ते दाण्याच्या आत आहे. झाडाने ते मातीतून उचललंय. आणि असं कुठे होतं हे आधीपासून माहीत आहे. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याला, होशियारपूर आणि नवांशहरच्या बाजूला, डोंगरातून वाहून आलेल्या गाळात सेलेनियम साठलेल्या जमिनी आहेत. तिथल्या पिकांवर, जनावरांच्या खुरांवर गेली कित्येक वर्षं संशोधन चाललंय. रेशनचा गहू पंजाब-हरियाणाकडून येतो हे आपल्याला माहीतच आहे.

आता हिशेब करून बघू. कागद-पेन घेतलंत तर बरं.

सेलेनियम हे विष नाही, ते शरीराला लागतंच. फक्त किती लागतं आणि किती झालं की बाधतं यातलं अंतर फार कमी आहे. मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण ५५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेत वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली, आणि ती ठरवताना त्यांनी कोणतं लक्षण धरलं माहितेय? केस गळणं. शरीरात सेलेनियम जास्त झाल्याची ती लवकर दिसणारी खूण आहे.

एक माणूस दिवसाला ४०० ग्रॅम गव्हाच्या पोळ्या खातो असं धरा. किलोला १४.५२ मिलिग्रॅमने त्याच्या पोटात जवळपास ५.८ मिलिग्रॅम, म्हणजे ५,८०० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. अमेरिकी मर्यादेच्या चौदा पट. चीनच्या हुबेई प्रांतात एन्शी नावाचा भाग आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे गावंच्या गावं केस आणि नखं गमावून बसली होती. तिथल्या लोकांच्या पोटात रोज सरासरी ५ मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम जात होतं असं नंतरच्या अभ्यासात निघालं. दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

आता हाच हिशेब पाण्याला लावू. दिवसाला तीन लिटर पाणी पिऊन ५.८ मिलिग्रॅम सेलेनियम पोटात जायचं असेल, तर लिटरमध्ये ते १.९ मिलिग्रॅम हवं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा आहे ०.०१. म्हणजे मर्यादेच्या १९० पट. इतकं असतं तर पहिल्याच तपासणीत ते लपलं नसतं.

केसच का गळतात, तेही थोडक्यात सांगतो. केस आणि नखं केराटिन नावाच्या प्रथिनाची बनतात आणि केराटिनची मजबुती गंधकाच्या जोडण्यांवर असते. सेलेनियम रसायनशास्त्रात गंधकाचा सख्खा शेजारी. जास्त झालं की ते गंधकाच्या जागी जाऊन बसतं आणि जोडणी कच्ची राहते. केस भराभर वाढतात म्हणून आधी गळतात, नखं हळू वाढतात म्हणून उशिरा. एप्रिल २०२५ मध्ये याच भागातल्या गावांमधून नखं वेडीवाकडी होऊन गळत असल्याच्या तक्रारी आल्या. खारं पाणी किंवा बुरशी धरून चाललो तर हा क्रम समजत नाही, सेलेनियम धरलं की लगेच समजतो.

माझ्या मते गव्हाचं स्पष्टीकरण आज सगळ्यात भक्कम आहे. तरीही मला आणखी एक गोष्ट बघायला आवडली असती: त्याच लॉटचा गहू दुसऱ्या कोणत्या तालुक्यांत गेला, आणि तिथे काय झालं. आणि त्याच गावात जे रेशनचा गहू खात नव्हते, त्यांच्या केसांचं काय. पुरावा पक्का होतो तो अशा तुलनेतून. नुसते रुग्ण तपासून तो अर्धाच राहतो.

म्हणजे पाणी निर्दोष सुटलं? या एका खटल्यात, हो. बाकीच्यांत नाही. तीन दिवसांत टक्कल पडलं की दिल्लीहून पथक येतं. पाणी मात्र जे काही करतं ते वीस-वीस वर्षं घेऊन करतं, त्यासाठी कुणी येत नाही.

संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या कोणत्याही गावात बसा, किडनीचा विषय निघतोच. "आमच्या इथं दर दोन घराआड किडनीवाला हाय," असं लोक सांगतात. खारं पाणी पिऊन किडनी जाते हे तिथे सिद्ध झाल्यासारखंच बोललं जातं. इथेही तो 'म्हणून' कमवायचा राहिला आहे, फक्त उलट बाजूने: केसांच्या बाबतीत पाण्यावरचा संशय हिशेबात टिकला नाही, किडनीच्या बाबतीत तो खोडूनही काढता येत नाही. साखर किंवा रक्तदाब हे नेहमीचं कारण नसताना शेतमजुरांच्या किडन्या निकामी होणं श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागात, आंध्रच्या उद्दानममध्ये आणि मध्य अमेरिकेच्या ऊस पट्ट्यात दिसलंय. तीन दशकं शोध चाललाय. जड पाणी आणि फ्लोराइड, कीटकनाशकं, उन्हात राबून शरीरातलं पाणी आटणं, अंगदुखीवर सर्रास घेतल्या जाणाऱ्या गोळ्या, असे अनेक संशयित आहेत आणि एकावर बोट ठेवता येत नाही.

खारपाणपट्ट्यात हे सगळे संशयित एकाच माणसाच्या अंगावर असतात. त्यातला एक मार्ग मला विशेष अभ्यासण्यासारखा वाटतो (हा तर्क आहे, निष्कर्ष नव्हे). पाणी बेचव म्हणून माणूस ते कमी पितो. मे महिन्यात पारा ४४-४५ वर, शेतात दिवसभर काम, आणि सोबत नेलेलं पाणी घशाखाली उतरत नाही. म्हणजे पाण्यातल्या क्षाराने किडनीला थेट हात न लावताही, न प्यायलेलं पाणी तिचं नुकसान करू शकतं. पाण्याचे कितीही नमुने तपासले तरी हे प्रयोगशाळेत दिसणार नाही. त्यासाठी माणूस किती पाणी पितो हे मोजावं लागेल.

म्हणून या भागात वान धरणाचं गोडं पाणी हा नुसता सोयीचा विषय नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठीची १४० गावांची योजना त्याच पाण्यावर आहे. पण नळाला पाणी कधी येतं, उन्हाळ्यात किती दिवसांआड येतं, आणि मधल्या दिवसांत लोक पुन्हा बोअरकडे वळतात का, हे बघितल्याशिवाय 'गावाला गोडं पाणी मिळतं' असं लिहून मोकळं होता येत नाही.

घरी उपयोगी पडेल असं थोडं. आरओ विकणारा जो छोटा मीटर पाण्यात बुडवतो, तो फक्त एकूण क्षार सांगतो. नायट्रेट, फ्लोराइड, सेलेनियम त्यात वेगळं दिसत नाही. पाणी उकळल्याने जंतू मरतात पण नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की दाट होतं. तुरटीने गाळ बसतो, क्षार नाही. ग्रामपंचायतीला मिळणारं हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड हे स्रोताभोवतीची स्वच्छता, पाण्याचं शुद्धीकरण आणि साथीचा धोका यावर असतं. हिरवं कार्ड मिळालं म्हणजे पाण्यात क्षार कमी आहेत असं नाही. रासायनिक तपासणी वेगळी मागावी लागते. ती भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये होते, आणि गावचा जलसुरक्षक नमुना पाठवू शकतो. अहवाल आला की तीन ओळी बघा: नायट्रेट ४५ च्या आत, फ्लोराइड दीडच्या आत (एकच्या आत असेल तर उत्तम), टीडीएस किती. घरात तान्हं बाळ वरच्या दुधावर असेल तर नायट्रेटची ओळ सगळ्यात आधी.

गव्हासाठी अशी सोय गावपातळीवर नाही. रेशनच्या धान्यात किडे, खडे, ओलावा पाहतात. सेलेनियम डोळ्याला दिसत नाही, चवीला लागत नाही, आणि गोदामातून निघणाऱ्या प्रत्येक पोत्यासाठी ते कुणी मोजत नाही.