खोली देणे आहे, विद्यार्थ्यास

पुण्यात सदाशिव पेठेसारख्या भागात एखादी खोली रिकामी असली, की पावसाळ्याच्या तोंडाशी दार वाजू लागते. दारात परगावचा बाप आणि मागे संकोचलेला मुलगा. “कॉलेजात नाव घातलंय. सोय होईल का?”

हा प्रश्न पुण्याला नवा नाही. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हापासून, किंबहुना त्याही आधीपासून, परगावची मुले इथे येत आहेत. माधुकरी मागून, वार लावून जेवणाऱ्या मुलाला घरात थारा देणे हे एके काळी पुण्यकर्म होते. पुढे त्याचा व्यवहार झाला. त्यात वावगे काही नाही. मात्र व्यवहार चोख हवा.

घरमालकाला धसका एकच: आत आलेला बाहेर निघेल ना? तो अगदीच अनाठायी नव्हे. १९७३ साली कायदा बदलला आणि १ फेब्रुवारीला चालू करारावर राहणारे अनेकजण संरक्षित भाडेकरू ठरले. पुढे कित्येकांनी खोल्यांना कुलपे घातली, पण भाड्याने दिल्या नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वाट सोपी झाली. ‘लीव्ह अँड लायसन्स’चा करार लेखी हवा, नोंदवलेलाही हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची! “पोर चांगल्या घरचं आहे” म्हणून हे टाळले, तर वादाच्या वेळी अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. अनामत किती, विजेचे बिल कोणाचे, सुट्टीतले भाडे द्यायचे की नाही, हेही आधीच लिहावे. पोलीस चौकीत माहिती द्यावी.

एवढे सारे आम्ही केले होते. तरी एका वर्षी मराठवाड्यातल्या एका मुलाचे दोन महिन्यांचे भाडे थकले. एके रात्री दोन वाजता वरच्या खोलीत दिवा दिसला. विजेवरून चार शब्द सुनवावेत म्हणून जिना चढलो. पोरगा बॅग भरून बसला होता, डोळे सुजलेले.

“काका, मी नापास झालो. घरी सांगितलं नाही. भाड्याचे पैसे क्लासला भरले.”

“आणि आता निघालास कुठे?”

त्याला उत्तर देता येईना. माझ्या हातापायातले बळच गेले. सौ. उठली, तिने पिठले-भात टाकला. तो जेवेपर्यंत आम्ही दोघे समोर बसून राहिलो. सकाळी त्याच्याच हाताने वडिलांना फोन लावला. ते संध्याकाळी आले, बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “नापासच झालास ना? हरवला तर नाहीस!”

भाडे तीन हप्त्यांत फिटले. मुलगा पुढल्या खेपेस पास झाला.

करार आम्ही आजही चोख करतो. पण नव्या मुलाला किल्ली देताना त्याच्या वडिलांचा फोन नंबर आधी लिहून घेतो, आणि महिन्यातून एकदा, भाड्याचा विषय न काढता, जिना चढून जातो.