पूल आधी की टेकाड आधी? कोल्हापूरच्या शिवाजी पुलाची गोष्ट

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना मी "म्हणजे" फार वेळा म्हणतो, ते शक्य तेवढे काढून टाकलेत. ज्यांना लोकलमध्ये, पीएमटीत नेट मिळत नाही, त्यांनी आधी हे वाचून घ्या, ऑडिओ नंतर ऐका.

रस्त्यांवरच्या मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. तुला रस्ते-पूल पाहिजेत की जुन्या वास्तू आणि टेकड्या पाहिजेत, ते एकदा सांगून टाक. आता असं एका ओळीत सांगता आलं असतं तर पॉडकास्ट कशाला केला असता. त्यामुळे आज एकच केस घेऊ आणि नीट बघू. माझ्या गावची आहे, त्यामुळे थोडा पक्षपात गृहीत धरा.

कोल्हापुरात पंचगंगा घाटावर उभं राहिलं की नदीवरचा जुना दगडी पूल दिसतो. हाच शिवाजी पूल. इंग्रजांच्या काळातला, एकोणिसाव्या शतकातला, कमानींचा. पन्हाळ्याला जायचं, जोतिबाला जायचं, पुढे आंबा घाटातून रत्नागिरीला जायचं, तर वाट याच पुलावरून. आम्ही लहानपणी एसटीच्या खिडकीतून पाणी किती चढलंय ते बघायचो. पूल बांधला तेव्हा त्याच्यावरून बैलगाड्या आणि टांगे जात होते. आमच्या काळात उसाचे ट्रॅक्टर, ट्रक, एसट्या आणि टुरिस्ट गाड्या. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूला दगडी कठडा, खाली खोल नदी.

साहजिकच शेजारी नवा, पर्यायी पूल मंजूर झाला. काम सुरू झालं, बरंचसं झालं, आणि थांबलं. पैसे संपले म्हणून नाही, ठेकेदार पळाला म्हणूनही नाही. शेजारी ब्रह्मपुरी आहे म्हणून.

ब्रह्मपुरी म्हणजे नदीकाठचं एक टेकाड. वर वस्ती आहे, नुसतं बघून काही कळणार नाही. पण १९४५ च्या सुमारास इथं खोदकाम झालं आणि खाली जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहन काळातलं शहर निघालं. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये इथं शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. सापडलेल्या वस्तूंमध्ये काशाची एक छोटी मूर्ती आहे, पोसायडनची. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, पंचगंगेच्या काठावर रोमन जगातला समुद्रदेव! व्यापार कुठून कुठे चालायचा याचा याहून भारी पुरावा काय पाहिजे? मूर्ती आज टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे. मी शाळेच्या सहलीत तिच्या समोरून गेलो होतो आणि काचेत स्वतःचा भांग बघितला होता. असो.

म्हणून ब्रह्मपुरी केंद्र सरकारचं संरक्षित स्थळ आहे, आणि तिथं १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा लागतो. या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली. संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, तिथं नवं बांधकाम नाही. पुढचे २०० मीटर विनियमित क्षेत्र, तिथं परवानगी घेऊन. आणि कायद्यात स्पष्ट लिहिलंय की प्रतिबंधित क्षेत्रात सार्वजनिक कामासाठी, अगदी लोकांना अत्यावश्यक असलेल्या प्रकल्पासाठीसुद्धा, परवानगी द्यायची नाही.

गंमत म्हणजे "बांधकाम" शब्दाची याच कायद्यातली व्याख्या वाचा. गटारं, सार्वजनिक शौचालयं, मुताऱ्या, पाणीपुरवठा, वीज आणि "यासारख्या सोयी" हे बांधकामात मोजलेलं नाही. म्हणजे १०० मीटरच्या आत मुतारी चालते. पूल चालतो का? "यासारख्या" या शब्दात पूल बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतात. नदीवरच्या अर्धवट खांबांना मात्र वाद घालता येत नाही, ते नुसते उभे राहतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर १०० हा आकडा हार्डकोड केलाय. ताजमहालाला १०० मीटर, ब्रह्मपुरीलाही १०० मीटर, आणि रानात एकट्या उभ्या असलेल्या एखाद्या शिळेलाही १०० मीटर. देशात साडेतीन हजारांहून जास्त केंद्रीय संरक्षित स्मारकं आहेत, सगळ्यांना तोच आकडा. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, कुणा आळशी माणसाने लिहिलंय.

मग इतिहास बघितला आणि मत बदललं. १९९२ पासून १०० मीटरचा नियम होता, पण पुरातत्त्व खात्यात एक तज्ज्ञ समिती नेमली गेली आणि तिच्या सल्ल्याने अपवाद म्हणून परवानग्या दिल्या जायला लागल्या. २००९ ला दिल्ली हायकोर्टाने सांगितलं की असे अपवाद करायचा अधिकार कायद्यात नाहीच. त्यानंतर संसदेने दार घट्ट लावलं. तुम्ही कुठल्याही टीममध्ये काम केलं असेल तर हे ओळखीचं वाटेल. प्रॉडक्शनला "फक्त इमर्जन्सीसाठी" म्हणून एक ओव्हरराइड ठेवायचं, सहा महिन्यांत सगळे तेच वापरायला लागतात, आणि एक दिवस वैतागून कुणीतरी ते काढूनच टाकतं. हार्डकोडिंगच्या मागे आळस असतोच असं नाही. कधी कधी त्यामागे उडालेला विश्वास असतो.

आता तारखा. २ जानेवारी २०१८ ला लोकसभेने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केलं: केंद्र सरकारच्या सार्वजनिक कामांना प्रतिबंधित क्षेत्रात परवानगी देता येईल. कोल्हापुरात लोकांना वाटलं, सुटला प्रश्न. २६ जानेवारीच्या रात्री, म्हणजे २४ दिवसांनी, गणपतीपुळ्याहून कोल्हापूरकडे येणारी एक मिनीबस जुन्या शिवाजी पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. १३ जण गेले. पुण्याच्या बालेवाडीची माणसं, त्यात लहान मुलंही होती. शेजारी नव्या पुलाचं अर्धवट काम तसंच उभं होतं.

इथं मला जपून बोलायचंय. त्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर "पुरातत्त्व खात्याने मारलं" असले मेसेज फिरत होते. एक फॉरवर्ड मीही केला होता. आज करणार नाही. गाडीवरचा ताबा सुटला, कठडा तुटला. नवा पूल असता तर ही गाडी वाचलीच असती असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण जुन्या पुलाचा धोका कुणाला माहीत नव्हता असंही नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडला सावित्रीवरचा इंग्रजकालीन पूल वाहून गेला, दोन एसट्यांसकट. त्यानंतर राज्यातल्या प्रत्येक जुन्या पुलाकडे लोक वेगळ्या नजरेने बघत होते. जोखीम कळलेली होती. ती तोलून बघणारी खुर्ची मात्र कुठंच नव्हती, कारण कायद्याने तोलायचीच सोय ठेवली नव्हती.

बरं, लोकसभेने मंजूर केलेलं विधेयक हे उत्तर होतं का? मला तेव्हा वाटलं होतं, आता तेवढी खात्री नाही. आधी "कधीच नाही" होतं, आता सरकारी प्रकल्प म्हटला की "हो" म्हणायची वाट मोकळी होणार होती. इतिहासाचे अभ्यासक बिथरले, आणि उगाच नाही. राज्यसभेने ते सिलेक्ट कमिटीकडे पाठवलं आणि २०१९ ला लोकसभा विसर्जित झाल्यावर ते तसंच संपलं. कोल्हापूरचा पूल? तो कायदा न बदलताच पूर्ण झाला. आज त्याच्यावरून गाड्या जातात. म्हणजे वाट निघू शकत होती, निघायला वर्षं लागली.

मग तोलायचं कसं? यासाठी थोडा वेळ अमेरिकेत जाऊ, कारण तिथं हा प्रश्न अगदी स्वच्छ शब्दांत सुप्रीम कोर्टात गेला होता. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरात ओव्हरटन पार्क आहे, साधारण ३४० एकर. प्राणिसंग्रहालय, जुनं जंगल, खेळायची मैदानं. १९५०-६० च्या दशकांत आंतरराज्य महामार्ग ४० याच पार्कच्या मधून न्यायचं ठरलं, सहा पदरी. स्थानिक नागरिक कोर्टात गेले, खालच्या कोर्टांत हरले. पण १९६६ च्या वाहतूक खात्याच्या कायद्यात एक कलम होतं, ४-एफ. उद्यान किंवा ऐतिहासिक जागा घ्यायची असेल तर आधी दाखवा की दुसरा व्यवहार्य आणि शहाणपणाचा पर्याय नाही. आणि नसेलच, तर नुकसान कमीत कमी होईल यासाठी शक्य ते सगळं करा.

१९७१ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांनी लिहिलेला. त्यातला एक मुद्दा वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. उद्यानाची जमीन आधीच सरकारची असते. तिथं कुणाचं घर पाडावं लागत नाही, भरपाई नाही, आंदोलन नाही. त्यामुळे खर्च, अंतर आणि लोकांची गैरसोय एवढंच तराजूत टाकलं तर उद्यान दर वेळी हरणार. हिशेब कितीही प्रामाणिक असू दे, मैदान सगळ्यात स्वस्तच निघतं. म्हणून कायद्याने त्या पारड्यात मुद्दाम वजन ठेवलंय, असं कोर्ट म्हणालं. दुसरी गोष्ट, मंजुरी देताना वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी यांनी पर्याय का नाहीत हे सांगितलंच नव्हतं. कोर्टाने प्रकरण परत पाठवलं: निर्णय घेताना टेबलावर जे कागद होते ते सगळे तपासा, केस चालू झाल्यावर केलेली शपथपत्रं पुरणार नाहीत. तो रस्ता पार्कमधून कधीच गेला नाही. महामार्ग आज शहराला उत्तरेकडून वळसा घालून जातो.

ही परीकथा नाही हेही सांगतो. पार्कच्या बाहेर त्या रस्त्यासाठी घरं आधीच पाडून झाली होती. रस्ता आला नाही, घरंही परत आली नाहीत. आणि उद्यान वाचवायचं म्हणजे रस्ता दुसरीकडून, बहुतेक वेळा कुणाच्या तरी वस्तीतून. ज्या वस्तीला वकील परवडत नाही, तिथून.

आता पुणेकरांनो, इकडे बघा. बालभारती ते पौड फाटा रस्ता वेताळ टेकडीच्या अंगाने न्यायचा म्हणून २०२३ च्या एप्रिलमध्ये मोठा मोर्चा निघाला होता. बाजू कुठलीही घ्या, पण मार्शलसाहेबांचा चष्मा लावून बघा. टेकडी का निवडली जाते? तिथं पाडायला बिल्डिंग नाही. नदीपात्रातून रस्ते काढायची हौस आपल्या शहरांना का आहे? पात्राला सातबारा दाखवणारा मालक नाही. शहरातली प्रत्येक मोकळी जागा प्लॅनरच्या नकाशावर "फुकट" अशीच दिसते. मी रोज कोथरूडच्या ट्रॅफिकमध्ये चाळीस मिनिटं सडतो, मलाही तो रस्ता हवासा वाटतो. पण "हवाय" आणि "दुसरा मार्ग तपासला" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आपल्याकडे दुसरं वाक्य कागदावर क्वचितच सापडतं.

हीच चाचणी शिवाजी पुलाला लावू. जुन्याची डागडुजी करून भागलं असतं? अरुंदपणा डागडुजीने जात नाही. १०० मीटरच्या बाहेर दुसरीकडे पूल? शक्य होता, पण नवे जोडरस्ते, पूररेषेतली नवी जमीन, आणि वर्षं. तिसरा पर्याय, आहे तिथंच बांधा, पण ब्रह्मपुरीच्या बाजूचा खांब आणि जोडरस्ता खोदायच्या आधी पुरातत्त्ववाल्यांच्या देखरेखीखाली चाचणी खड्डे घ्या. काही निघालं तर नोंद करा, वाचवा, गरज पडली तर खांब सरकवा. माझ्या मते याच अटीवर काही महिन्यांत परवानगी मिळायला हवी होती. मी सिव्हिलवाला नाही, पुरातत्त्ववाला तर नाहीच. पण हे तीन पर्याय कुणीतरी शेजारी शेजारी लिहून, सही करून लोकांसमोर ठेवायला हवे होते, एवढं म्हणायला डिग्री लागत नाही. ते असतं तर वाद पर्यायांवर झाला असता. झाला तो खातं विरुद्ध गाव असा.

शेवटी एक कामाची गोष्ट. २०१० च्याच दुरुस्तीने राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण तयार झालं. प्रत्येक स्मारकासाठी वेगळे वारसा उपविधी करायचे, म्हणजे त्या जागेच्या आसपास काय चालेल आणि काय नाही, हे त्यात ठरतं. त्यांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी जाहीर होतात. तुमच्या गावातला किल्ला, लेणं, मंदिर केंद्रीय संरक्षित असेल तर त्याचा मसुदा शोधून वाचा. भाषा रुक्ष आहे, नकाशे बघायला मजा येते.

आणि कोल्हापूरला आलात तर मिसळ खाऊन झाल्यावर टाऊन हॉलला जाऊन पोसायडन बघा. तिथून नव्या पुलावरून पन्हाळ्याला निघा. जुना पूल शेजारीच दिसेल.

भेटू पुढच्या एपिसोडला.