मामाकडे ठेवलेलं मूल तिथंच टिकावं म्हणून

भातकापणी उरकली की पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीच्या पूर्वेकडच्या पाड्यांवरची कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात. कुणी वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी बांधकामांवर. काही पुरुष त्याआधीच गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून गेलेले असतात. सायवनसारख्या गावात मग काही मुलं आजीकडे, मामाकडे, काकाकडे मागे राहतात. आईबाप दोघंही वारलेलं मूलही असंच कुणाच्या तरी घरी वाढतं. आई वारली आणि बापानं दुसरं लग्न केलं, त्या मुलाचंही तेच. हे ठेवणं बहुधा तोंडी असतं, त्यामुळे ते मोडलं तरी त्याची नोंद होत नाही. मूल मामाकडून मावशीकडे जातं, मावशीकडून आश्रमशाळेत आणि सुट्टी लागली की भट्टीवर. गावाच्या नजरेला ते ‘नातेवाइकांकडे’च असतं.

कायद्यानं यासाठी दोन वाटा ठेवल्या आहेत. मूल नातेवाइकांकडे असेल तर राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. तिच्यात मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे दरमहा ४,००० रुपये आहेत; ग्रामीण कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये. दुसरी वाट प्रतिपालकत्वाची. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४ नुसार जिल्ह्याची बालकल्याण समिती निवडलेल्या, तपासलेल्या कुटुंबात मुलाला ठेवते आणि त्या घराची दरमहा पाहणी करणं तिच्यावर बंधनकारक असतं. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांनी एकट्या व्यक्तीलाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली. मूल त्याच घरात रुळलं असेल तर दत्तकाचा विचार पूर्वीच्या ५ वर्षांऐवजी आता २ वर्षांनी करता येतो.

दोन्ही वाटांवर आदेश निघाला, मूल घरी पोचलं की काम झालं असं सगळ्यांनाच वाटतं. पण मूल परत पाठवलं जातं त्याची कारणं बहुतेकदा दोनच ठिकाणी सापडतात: ठेवण्यापूर्वी काय विचारायचं राहिलं आणि ठेवल्यानंतर कोण फिरकलं नाही.

समजा, सायवनच्या एका पाड्यावर दहा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा तिचा भाऊ आहे. आई वारली, बाप भट्टीवर असतो. मामा दोघांना घ्यायला तयार आहे. हे ठेवणं टिकायचं तर काय काय व्हायला हवं, ते क्रमानं पाहू.

ठेवण्यापूर्वी

गृहचौकशीत होकार मामा देतो, पण दोन जास्तीच्या ताटांचं काम मामीच्या अंगावर पडतं. म्हणून मामीशी वेगळं, मामा समोर नसताना बोलावं लागतं. पाणी कुठून आणता, लहान मुलं किती, तुम्ही आजारी पडलात तर स्वयंपाक कोण करतं, हे प्रश्न तिला विचारायचे असतात. मामाच्या स्वतःच्या मुलांशीही बोलायचं, कारण अंथरूण आणि आईचं लक्ष त्यांना वाटून घ्यायचं आहे.

या भागात आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय गृहचौकशीचा अहवाल पुरा होत नाही: दिवाळीनंतर मामाचं कुटुंबही कामाला बाहेर जातं का? जात असेल तर भाचरं बरोबर जाणार की पुन्हा तिसऱ्या घरी राहणार? याचं उत्तर जूनमध्येच ठरलं पाहिजे. नोव्हेंबरात सामान बांधताना ते ठरवायला कुणाला सवड नसते.

भावंडांना शक्यतो एकत्र ठेवावं, असं कलम ४४ च सांगतं. मामाला एकच मूल झेपणार असेल तर ते आधीच कळलेलं बरं. चार महिन्यांनी धाकट्याला वेगळं काढणं जास्त जड जातं. मुलीचं मतही घ्यायचं. ‘कुठं राहायला आवडेल?’ या प्रश्नाला ती गप्प बसेल. ‘रात्री भीती वाटली तर तू कुणाला उठवशील?’ असं विचारलं तर ती नाव सांगेल.

मुलांची खरी माहितीही घरच्यांना द्यायला हवी. भाऊ रात्री अंथरूण ओलं करतो, मुलगी भाकरीचा तुकडा लपवून ठेवते, हे मामीला आधी सांगितलं तर ती ते दुःखाचं आणि धास्तीचं लक्षण म्हणून पाहू शकते. तिला ते स्वतःच शोधावं लागलं तर ती त्याला खोड म्हणते, चोरी म्हणते.

पहिले काही महिने

असं ठेवणं मोडण्याचा धोका सुरुवातीच्या महिन्यांत जास्त असतो. म्हणून सामान एकदम हलवण्याऐवजी आधी दोन-तीन मुक्काम करावेत. शाळा शक्य तोवर तीच ठेवावी, कारण घर बदललं तरी बाई आणि बाकावरची मैत्रीण बदलत नाही.

याच काळात पैशाचा ताण येतो. योजनेसाठी आईच्या मृत्यूचा दाखला लागतो. मृत्यू घरी झाला आणि ग्रामपंचायतीत नोंदच झाली नाही तर अर्ज तिथंच अडकतो. पालघर हे जिल्ह्याचं ठिकाण. डोंगरपट्ट्यातून अर्जासाठी तिथं एक खेप म्हणजे दिवसाची मजुरी बुडाली. रेशनचीही एक मेख आहे. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी ५ किलो धान्य मिळतं, त्यामुळे मुलांची नावं मामाच्या कार्डावर चढवली तर धान्य वाढतं. पण अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असोत, ३५ किलोच मिळतं. मामाचं कार्ड अंत्योदयचं असेल तर दोन तोंडं वाढूनही धान्य तेवढंच राहतं. अशा घराचा योजनेचा अर्ज सर्वांत आधी मार्गी लावायला हवा.

रोजच्या कटकटी मोजणं

अमेरिकेतल्या सॅन डिएगो परगण्यात झालेला आणि २००६ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथं कामी येतो. त्यात प्रतिपालकांकडे किंवा नातेवाइकांकडे ठेवलेल्या ५ ते १२ वर्षांच्या २४६ मुलांच्या सांभाळकर्त्यांना फोन करून ‘गेल्या चोवीस तासांत यांतलं काय काय घडलं?’ असं एक यादी वाचून विचारलं. उलट बोलणं, रडणं, भांडणं, ओलं अंथरूण, अशा नेहमीच्याच गोष्टी त्या यादीत होत्या. दिवसाला सहापर्यंत कटकटी घरं सोसत होती. सहाच्या पुढे प्रत्येक वाढीव कटकटीमागे मूल त्या घरातून हलण्याची शक्यता सुमारे १७ टक्क्यांनी वाढत होती. नातेवाइकांकडची मुलं परक्या घरांतल्या मुलांपेक्षा जास्त टिकत होती.

सायवनच्या घराला सहाचा आकडा जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पद्धत उचलण्यासारखी आहे. ‘सगळं ठीक ना?’ असं विचारलं की ‘हो’ हेच उत्तर येतं. ‘काल काय काय झालं?’ असं विचारलं की मामी बोलू लागते. हे विचारायला पालघरहून अधिकारी यायला नको. अंगणवाडी सेविका किंवा आशाताई पाड्यावर येतातच, त्यांनाही ते जमेल. मामी एकाच आठवड्यात नेहमीपेक्षा दुप्पट गोष्टी सांगू लागली की जिल्ह्याच्या बाल संरक्षण अधिकाऱ्याला कळवायची वेळ आली, असं समजावं.

बाप आणि सुट्ट्या

कलम ४४ प्रतिपालक घरातल्या मुलाला भेटायची परवानगी आईबापांना देतं, समितीला ते मुलाच्या हिताविरुद्ध वाटलं नाही तर. मामाकडच्या तोंडी ठेवण्यालाही हाच नियम घालून घ्यावा. बाप कधी येणार, हे ठरलेलं असावं. तो अचानक येऊन खाऊ देऊन गेला की मुलं दोन दिवस अस्वस्थ राहतात आणि घरचे चिडतात. येण्याचा दिवस आधी माहीत असेल तर नंतरचे दोन दिवस सांभाळून घेता येतात.

मूल आश्रमशाळेत असेल तर खरी परीक्षा दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत होते. शाळा बंद होते आणि त्याच वेळी घराला कुलूप असण्याची शक्यता असते. सुट्टी लागण्यापूर्वी मुख्याध्यापकांनी ‘हे मूल कुठं जाणार?’ याची यादी ग्राम बाल संरक्षण समितीला दिली, तर तिच्यातले सरपंच आणि अंगणवाडी सेविका वेळेत सोय बघू शकतात.

तडा दिसला तर

एवढं करूनही मामी ‘आता नाही जमत’ म्हणू शकते. त्यावर तिला दोष दिला तर पुढच्या वेळी ती सांगायची नाही, मूल गुपचूप दुसरीकडे पाठवेल. आधी विसावा द्यावा: आठवडाभर आजीकडे, तेही परतीचा दिवस मुलांना सांगून. मग अडचण नेमकी कशाची आहे ते पाहावं. धान्याची, थकव्याची, मुलाच्या वागण्याची की मामाच्या दारूची, त्यावर उपाय ठरतो. मुलाला मारहाण किंवा छळ होत असेल तर मात्र ते घर टिकवायचं नसतं. १०९८ वर कळवून मुलाला ताबडतोब बाहेर काढायचं.

हलवणं भागच पडलं तर पुढचं घर ठरल्यावर हलवावं, हलवण्याचं कारण मुलाला सांगावं आणि शाळा शक्यतो राखावी. मागची घरं जितकी जास्त मोडलेली, तितकं पुढचं मोडण्याचा धोका जास्त, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके पेसा क्षेत्रात, म्हणजे ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या आदिवासी भागांच्या पंचायत कायद्याखाली येतात, आणि इथल्या ग्रामसभेला स्वतःची यादी करायला कुणाच्या आदेशाची गरज नाही. आईबापांवेगळं राहणारं प्रत्येक मूल, ते कुणाच्या घरी आहे, त्या घराचा योजनेचा अर्ज कुठवर आला आणि दिवाळीनंतर ते घर गावात असणार का, एवढे चार रकाने पुरतात. ही यादी भातलावणीनंतरच्या ग्रामसभेत एकदा आणि स्थलांतर सुरू होण्याआधी पुन्हा एकदा वाचली, तर मूल दुसऱ्या घरी पाठवण्याची वेळ येण्याआधीच मामीच्या दारात कुणीतरी पोचलेलं असेल.