कर्ज, लाज आणि पगाराची तारीख

कर्जात बुडतो तो उधळ्या, हा समज लोअर परळच्या आभाळात गिरण्यांच्या चिमण्या धूर सोडत होत्या तेव्हापासूनचा आहे. तो तेव्हाही खरा नव्हता.

1921-22 मध्ये मुंबई सरकारच्या कामगार कचेरीने शहरातल्या सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचा जमाखर्च तपासला. 47 टक्के कुटुंबांच्या डोक्यावर सावकाराचं कर्ज निघालं, साधारण अडीच महिन्यांच्या कमाईएवढं. व्याज रुपयामागे महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला 75 टक्के! कर्जाचे पैसे जायचे लग्नकार्यात, मर्तिकात, सणावारात. त्यात गिरणीचा पगार महिन्याने व्हायचा आणि तोही पुढच्या महिन्यातले बरेच दिवस उलटल्यावर. नव्याने कामाला लागलेल्या माणसाचं नाव पहिला पगार हाती पडण्याआधीच वाण्याच्या उधारीच्या वहीत चढलेलं असायचं. दोष माणसाच्या सवयीपेक्षा पगाराच्या तारखेत अधिक होता. लाज मात्र माणसालाच वाटायची.

ही लाज फार महागात पडते. लाजेपोटी माणूस देणं घरच्यांपासून लपवतो, बँकेचा फोन उचलत नाही, एक देणं फेडायला दुसरं काढतो. आज अनेक क्रेडिट कार्डांवर थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं. वर्षाचा हिशेब चाळीस टक्क्यांच्या वर जातो, आणि गप्प राहिलेला प्रत्येक महिना त्यात भर घालतो.

दुसरा गैरसमज असा की डोकं ठिकाणावर असलं की पैशाचे निर्णय बरोबर येतात. पण पैशाची ओढाताणच डोकं ठिकाणावर राहू देत नाही. 2013 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या 464 ऊस शेतकऱ्यांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली होती, एकदा तोडणीआधी आणि एकदा तोडणीनंतर. माणसं तीच, पण हातात पैसा नसतानाचे गुण कमी आले. काळजी डोक्यातली जागा अडवून बसते, म्हणून पुढचा विचार सुचत नाही.

मुंबईच्या गिरणगावाने ही ओढाताण फार मोठ्या प्रमाणावर सोसली. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. दागिने आधी गहाण पडले, मग विकले गेले; कित्येक कुटुंबांनी गावची वाट धरली. त्या दिवसांतल्या निर्णयांना आज कुणी अविचारी म्हणत असेल, तर तो अन्याय आहे.

एकट्याने झुरण्याला पर्यायही इथेच उभा राहिला होता. गिरणी कामगारांसाठी खाणावळ चालवणाऱ्या बायका किराणा उधार आणत आणि कामगारांचा पगार झाला की वसुली करत. मधल्या दिवसांत सावकार होताच. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तारण ठेवायला काही नसलेल्या बायकांनी गट करून एकमेकींची हमी घेतली. कुणाचं किती देणं आहे हे गटात सगळ्यांना ठाऊक असल्यावर लपवण्यासारखं काही उरत नव्हतं. या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

भिशीला अडाण्यांची बचत म्हणून हिणवलं जातं, तेही याच कारणाने चूक आहे. व्याज मिळत नाही, हे खरं. पण चारचौघांत दिलेला शब्द मोडवत नाही, म्हणून हप्ता भरला जातो. तीच लाज इथे बचतीच्या कामी येते. धोका वेगळाच आहे: नोंदणी नसलेल्या भिशीत चालवणारा पैसे घेऊन गेला, तर परत मिळवणं फार अवघड. ओळखीतली, छोट्या रकमेची भिशी आणि ज्यादा परताव्याचं आमिष दाखवणारी योजना यांची गल्लत करू नये.

आणि एकदा मोठी रक्कम आली की काळजी मिटते? गिरण्या बंद होताना अनेकांना स्वेच्छानिवृत्तीचे पैसे एकरकमी मिळाले. थकलेली देणी, मुलीचं लग्न, गावच्या घराचं छप्पर, यांत ते गेले. यातलं काहीच उधळपट्टी नव्हतं. मात्र दरमहा येणारा पगार संपला होता, आणि महिन्याचा खर्च एकरकमी पैशातून कसा भागवायचा हे सांगणारं कुणी नव्हतं.

बचतीचं उद्दिष्ट ठरवतानाही मोठा आकडा पुरत नाही. हातातले पैसे कमी झाल्याचं दुःख तेवढेच पैसे मिळाल्याच्या आनंदापेक्षा जास्त बोचतं, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये मांडलं. बचतीसाठी पगार कापला गेला की तोही असाच बोचतो. त्यावर अर्थशास्त्रज्ञ थेलर आणि बेनार्ट्झी यांनी अमेरिकेतल्या एका कंपनीत उपाय करून पाहिला: बचत आज वाढवायची नाही, पुढची पगारवाढ होईल तेव्हा वाढवायची. हातात येणारा पगार कधीच घटला नाही, आणि योजनेत आलेल्यांची बचत 40 महिन्यांत पगाराच्या 3.5 टक्क्यांवरून 13.6 टक्क्यांवर गेली.

आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधी काहीसा अशाच तऱ्हेने चालतो. पैसा हाती येण्याआधीच कापला जातो, म्हणून मोह होत नाही. लोअर परळच्या कार्यालयांत कंत्राटावर किंवा सुटं काम करणाऱ्या अनेकांना ही सोय नसते. त्यांच्यासाठी पोस्टातली पाच वर्षांची आवर्ती ठेव महिना 100 रुपयांपासून सुरू होते. हप्ता पगाराच्या दुसऱ्याच दिवशी भरावा, वाढ मिळाली की तिच्यातला काही भाग बचतीला जोडावा. पण महागडं कर्ज डोक्यावर असेल तर आधी ते फेडावं, आणि त्याचा पूर्ण आकडा घरातल्या निदान एका माणसाला सांगावा.