वरणाचं पाणी नको, वरण द्या

आठ-नऊ महिन्यांचं बाळ घेऊन येणाऱ्यांना मी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘दुधाशिवाय काय काय देता?’ उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. वरणाचं पाणी, भाताची पेज, नाचणीचं पातळ सत्त्व, मोसंबीचा रस. सोबत आलेल्या आजी हे समाधानानं सांगतात, कारण त्यांच्या हिशेबी बाळाचं खाणं सुरू झालेलं असतं. मग वजनाचा तक्ता उघडला की दिसतं, पहिले सहा महिने रेघ छान वर चढली आहे आणि त्यानंतर आडवी झाली आहे. तपासून आजार काही सापडत नाही. बाळ दिवसातून चार वेळा खातं आणि तरी अर्धपोटी राहतं.

हे कसं होतं, ते साध्या आकडेमोडीनं कळतं. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज रोज साधारण २०० कॅलरी बाहेरच्या अन्नातून लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर सुमारे ५५०. बाळाचं पोट मात्र वजनाच्या दर किलोमागे जेमतेम ३० मिलीलिटरचं. म्हणजे साडेसात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी सव्वादोनशे मिलीलिटरच्या वर काही मावत नाही. तेवढी जागा वरणाच्या पाण्यानं भरली, तर पोट टम्म दिसतं, बाळ तोंड फिरवतं आणि घरचे म्हणतात, ‘पोट भरलं त्याचं.’ पुढे बाळ आईचं दूधही कमी ओढतं. म्हणजे नुकसान दोन्हीकडून.

डाळीचं सगळं सत्त्व पाण्यात उतरतं, ही समजूत फार जुनी. प्रत्यक्षात प्रथिनं आणि ऊर्जा खाली बसलेल्या डाळीत असतात. ती डाळ घरातली मोठी माणसं खातात आणि वरचं पाणी बाळाला जातं!

बाळाला दात नाहीत, घट्ट अन्न जड पडेल, ही भीतीही असते. ती अनाठायी आहे. सहा महिन्यांच्या बाळाचं पोट मऊ शिजवलेलं डाळ-भात, भाजी, अंडं पचवायला तयार असतं आणि चिरडायला हिरड्या पुरतात. अन्न किती घट्ट हवं, यासाठी चमचा तिरका करून पाहा. त्यावरून ओघळून गेलं तर पातळ आहे, टिकून राहिलं तर बरोबर.

सुरुवात कधी करायची, यातही आपल्याकडे एक गंमत होते. उष्टावण मुलाचं सहाव्या किंवा आठव्या, तर मुलीचं पाचव्या किंवा सातव्या महिन्यात करायची रीत आहे. आता ‘सहावा लागला’ म्हणजे पाचच महिने पूर्ण झालेले असतात, आणि आठव्याची वाट पाहिली तर उशीर होतो. हौस तिथीप्रमाणे करा, मामाच्या मांडीवर बसवून चांदीच्या वाटीतून खीर चाटवा. रोजचं खाणं मात्र सहा महिने पूर्ण झाले की सुरू व्हायला हवं, मुलगा असो की मुलगी.

काय द्यायचं? सर्वांत सोपी मुगाची खिचडी. ३० ग्रॅम तांदूळ, १५ ग्रॅम मूगडाळ, मऊ शिजवून बोटांनी किंवा पळीनं घोटलेली आणि वर एक छोटा चमचा तूप. यात पावणेदोनशे ते दोनशे कॅलरी होतात, म्हणजे सात महिन्यांच्या बाळाची जवळजवळ दिवसाची गरज. ती दोन-तीन वेळांत विभागून द्या. पहिल्या दिवशी दोन-तीन चमचे पुरे, पुढे वाढवत अर्ध्या वाटीपर्यंत न्या. त्यात गाजर, भोपळा, पालक शिजवून घाला. तूप-तेलाला कचरू नका, थोड्या जागेत जास्त ऊर्जा त्यातूनच मिळते. मिक्सर शक्यतो वापरू नका. नऊ-दहा महिने उलटेपर्यंत सगळं गुळगुळीतच मिळालं, तर पुढे कण तोंडात आला की मूल थुंकून देतं.

नाचणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून, तळाशी बसलेलं पांढरं सत्त्व वाळवायची पद्धत अनेक घरांत आहे. कष्ट पुष्कळ, पण उरतो तो मुख्यतः स्टार्च. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं सालीत असतं, ते चोथ्याबरोबर फेकलं जातं. त्यापेक्षा मोड आणून, वाळवून, हलकी भाजून सबंध दळलेली नाचणी कितीतरी चांगली. मोड येताना धान्यात अमायलेज हे विकर तयार होतं आणि ते स्टार्चचे तुकडे करतं. त्यामुळे एरवी दाट लापशी गिळायला जड जाते म्हणून आपण पाणी ओततो, ते करावं लागत नाही. कोणत्याही पिठाची दाट लापशी उतरवून किंचित निवली की त्यात मोडाच्या नाचणीचं चमचाभर पीठ ढवळा. ती डोळ्यांदेखत सैल होते. मग पुन्हा एक उकळी काढा. लापशी पातळ झाली, पण पीठ तेवढंच राहिलं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात यावर बरंच काम केलं होतं. इतकी स्वस्त गोष्ट घरोघरी पोचली नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दुसरा मुद्दा लोहाचा. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. आईच्या दुधात लोह थोडंच असतं. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांच्या आपल्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. याच सर्वेक्षणात सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी जेमतेम ११ टक्के होती. मांसाहारी घरात ‘वर्षाचं होईपर्यंत अंडं नको’ म्हणतात, त्याला काही आधार नाही. नीट उकडलेलं अंडं, पिवळं-पांढरं दोन्ही, सहा महिन्यांनंतर कुस्करून चालतं. मऊ शिजवून बारीक केलेलं चिकन, मटण, काटे काढलेली मासळीही चालते. शाकाहारी घरात डाळी, पालेभाज्या आणि वर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे लोह अंगी लागतं. आशाताई सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा द्यायचं लोहाचं औषध देतात. ती बाटली कपाटात ठेवू नका. आणि चहात बुडवलेलं बिस्कीट बंद करा. चहा लोह अडवतो, आणि बिस्कीट म्हणजे मैदा न् साखर.

शेंगदाण्याची धास्ती आता अनेक सुशिक्षित घरांतही आली आहे. २०१५ साली लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात उलटंच दिसलं. ॲलर्जीचा धोका असलेल्या ज्या बाळांना शेंगदाणा लवकर सुरू केला, त्यांच्यात पुढे त्याची ॲलर्जी फारच कमी आढळली. आपलं बारीक दाण्याचं कूट खिचडीत मिसळायला उत्तम. अंगावर तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. अख्खा दाणा, फुटाणे, अख्खं द्राक्ष, कच्च्या गाजराचा तुकडा मुळीच नको, श्वासनलिकेत अडकतो. मध वर्षाच्या आत चाटवूसुद्धा नका, त्यातून बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो. वर्षाच्या आत मीठ-साखर वरून घालायची गरज नाही. तुमच्या जिभेला अळणी लागतं, बाळाच्या नाही.

भरवताना मोबाइल दूर ठेवा. नाक दाबून, हात धरून कोंबू नका. नवी चव आठ-दहा वेळा पुढे आल्यावर आवडते, म्हणून पहिल्या दिवशी थुंकलं तर ‘त्याला भोपळा आवडत नाही’ असं जाहीर करू नका. बाळाची वाटी वेगळी ठेवा. एकत्र ताटात किती गेलं ते कळत नाही.

जुलाब-तापात ‘पोटाला आराम’ म्हणून खाणं तोडलं जातं. तेव्हा उलट आईचं दूध जास्त वेळा पाजा, थोडं थोडं मऊ अन्न चालू ठेवा आणि बरं झाल्यावर पुढचे दोन आठवडे रोज एक खाणं जादा द्या. बाळ काहीच गिळत नसेल, सुस्त पडलं असेल किंवा दोन महिने वजन वाढलं नसेल, तर टॉनिकची बाटली आणत बसू नका. बाळ आणि वजनाचा तक्ता, दोन्ही घेऊन जवळच्या आरोग्य केंद्रात जा.